फोन उचलला जातो का, हे कोण बघतं?

आत्महत्येची कुठलीही बातमी उघडा, तळाला एक चौकट असतेच, मनात असे विचार येत असतील तर या नंबरवर फोन करा. वेब सिरीजच्या आधी पाटी येते त्यातही नंबर. कोणी प्रसिद्ध माणूस असा गेला की दोन-तीन दिवस सगळ्या ग्रुप्सवर नंबरांच्या याद्या फिरतात. मीही फिरवलीय. काही वर्षांपूर्वी आठ नंबर कुठून तरी कॉपी केले, खाली "एकटे राहू नका, बोला" असं लिहिलं आणि जिथे जिथे होते तिथे टाकून मोकळी झाले. ते लागतात का हे बघितलं नाही, बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

पुढे चार-पाच महिन्यांनी एका मैत्रिणीचा पहाटे फोन आला. ती रात्रभर जागी होती आणि माझ्याच यादीतले नंबर एकेक करून लावत बसली होती. पहिला नंबर अस्तित्वातच नाही असं रेकॉर्डिंग. दुसऱ्यावर सांगितलं की आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तिसऱ्यावर नुसती रिंग, तो तिने चार वेळा लावला. चौथा लागला, पलीकडच्या बाई पाऊण तास बोलल्या, बोलल्या म्हणजे ऐकलंच जास्त, आणि त्यांनी आडून आडून न जाता सरळ विचारलं की जीव द्यायचा विचार येतोय का. त्या प्रश्नाने तिला रडू फुटलं आणि मोकळंही वाटलं, कारण तोपर्यंत तो शब्द तिच्यासमोर कोणी उच्चारलाच नव्हता. ती आज ठीक आहे. पण हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, हे मला अजून लागतं. तिला वाटत होतं चालायचंच असं, नशीब की चौथा तरी लागला.

मला नाही वाटत चालायचंच असं. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रत्येक लाइनवर सरकारी देखरेख हवी आणि कडक हवी, पण ती फोन उचलणाऱ्यावर हवी, फोन करणाऱ्यावर चुकूनही नको. आजवर झालंय ते बरंचसं उलटं. फोन उचलला गेला का हे कोणी विचारत नाही, आणि फोन करणाऱ्याची माहिती मात्र कुठे कुठे जाऊन पोचते.

भारताचंच बघा. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चांगला कायदा आहे, हे मी मनापासून म्हणते. त्याच्या ११५व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलं, त्याला शिक्षा नको आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम, असं स्पष्ट लिहिलं. २३व्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे. पण नोंदणी कोणाची करायची तर जिथे मानसिक आजाराचे पेशंट दाखल होतात, राहतात त्या संस्थांची. फोनवर कोणी दाखल होत नाही. आणि गोपनीयता पाळायचं बंधन आहे ते उपचार करणाऱ्या प्रोफेशनल लोकांवर, मग दिवसा ऑफिस करून आठवड्यातून एकदा रात्रीची शिफ्ट घेणारी व्हॉलंटियर त्यात कुठे बसते? लिफ्टला तपासणीचा दाखला लागतो, औषधाच्या दुकानाला लायसन्स लागतं, आणि मरायच्या काठावरच्या माणसाशी बोलणारी लाइन सुरू करायला एक सिमकार्ड पुरतं. बंद करायला तर तेही लागत नाही, रिचार्ज संपला, संस्थेचा पैसा संपला, फोन बंद. याद्यांमध्ये नंबर मात्र वर्षानुवर्षं तसाच.

हा विषय छोटा नाहीये. २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. जगात दर वर्षी ७ लाखांहून जास्त माणसं अशी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरकारं हे ओळखून आहेत, म्हणूनच गेल्या काही वर्षांत सगळीकडे राष्ट्रीय नंबर आले. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये ९८८, भारतात १० ऑक्टोबर २०२२ला टेली मानस म्हणजे १४४१६, कॅनडात नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथलं ९८८. दक्षिण कोरियात आधीचे वेगवेगळे नंबर गोळा करून जानेवारी २०२४ पासून १०९ हा एकच ठेवला. हे सगळं चांगलं झालं, मी या नंबरांच्या विरोधात नाही, उलट त्यांच्या बाजूची आहे म्हणूनच हे लिहितेय.

पण नंबर सुरू करणं आणि त्यावर देखरेख ठेवणं ही दोन कामं आहेत आणि पहिलं झालं की दुसरंही झालं असं समजलं जातं. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने किरण नावाची लाइन काढली, दोन वर्षांनी आरोग्य मंत्रालयाने टेली मानस आणलं, आणि आता टेली मानसवर २० लाखांहून जास्त कॉल घेतले गेल्याचं सरकार सांगतं. मोठा आकडा आहे, आनंद आहे. पण हा घेतलेल्या कॉलचा आकडा झाला. न घेतलेले किती? किती जणांनी रिंग वाजता वाजता ठेवून दिला? रात्री दोन ते पाचमध्ये सरासरी किती वेळ थांबावं लागतं? माझ्या मैत्रिणीने तो तिसरा नंबर चार वेळा लावला होता, ते चार कॉल कुठल्याच अहवालात कोणाच्याच नावावर नाहीत.

अमेरिकेत ९८८चे राज्यवार आकडे दर महिन्याला बाहेर येतात, किती कॉल आले, त्यातले किती त्याच राज्यात उचलले गेले, किती अर्ध्यात तुटले, सगळं. कोणीही उघडून बघू शकतो आणि आपलं राज्य मागे असेल तर आमदाराला धरू शकतो. यात फोन करणाऱ्या एकाही माणसाची माहिती उघड होत नाही. न उचललेला कॉल टेलिकॉमच्या सिस्टीममध्ये पडलेला असतोच, कोणाचा होता ते न बघता नुसता मोजता येतो. म्हणजे हे अवघड नाहीये, महाग तर अजिबात नाही, कोणी तरी मागायला हवं.

अमेरिकेतलीच अजून एक गोष्ट सांगते कारण ती वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. तिथे माजी सैनिकांसाठी २००७ पासून वेगळी क्रायसिस लाइन आहे, सरकारीच. २०१५च्या उन्हाळ्यात तिथल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगसारखी जी संस्था आहे तिने, स्वतःच ओळख न सांगता तपासणीचे कॉल आणि मेसेज केले. सुमारे ७३ टक्के कॉल अर्ध्या मिनिटाच्या आत उचलले गेले. मेसेज मात्र १४ पाठवले होते आणि त्यातल्या ४ मेसेजना उत्तरच आलं नाही. दुसऱ्या एका सरकारी तपासणीत, २०१६च्या सुरुवातीला, असं निघालं की गर्दी झाल्यावर बॅकअप सेंटरकडे वळवलेले काही कॉल व्हॉइसमेलवर जात होते, आणि तिथल्या लोकांना आपल्याकडे व्हॉइसमेल आहे हेच माहीत नव्हतं. कोणी तरी त्या मशीनशी बोललं असेल, शेवटचं म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा झाला की या लाइनवरचा प्रत्येक कॉल आणि मेसेज वेळेत माणसानेच घ्यायचा आणि त्याची गुणवत्ता तपासायची पक्की योजना हवी.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की चूक शोधली ती लाइन चालवणाऱ्या खात्याने नाही. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललं होतं. बाहेरच्याने न सांगता फोन लावून बघितला तेव्हा कळलं. सरकारी लाइन असली की आपण धरून चालतो की सरकारची नजर आहेच, पण स्वतःच्या लाइनवर स्वतःच नजर ठेवणं म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासणं. खाजगी संस्थेच्या लाइनला जे नियम तेच सरकारी लाइनलाही, आणि तपासणारा मंत्रालयाच्या बाहेरचा, ही माझी पहिली अट.

आता उचललेल्या फोनवर काय होतं, तो भाग जास्त अवघड. २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या १४ सेंटर्समधले २,६११ कॉल संशोधकांनी गुपचूप ऐकले होते. त्यातले १,४३१ कॉल नीट तपासण्याएवढे लांब होते, आणि त्यांपैकी ७२३ कॉलमध्ये, म्हणजे अर्ध्याहून जास्त कॉलमध्ये, समोरच्याला आत्महत्येचे विचार येतात का हे विचारलंच गेलं नाही. ही सुसाइड हेल्पलाइन आहे बरं का. लोक वाईट होते म्हणून असं झालं असं मी म्हणणार नाही. विचारायला भीती वाटते, आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेला विचार आला तर काय, ही भीती जवळपास प्रत्येकाच्या मनात असते. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही हे ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, रोल प्ले करून घ्यावे लागतात तेव्हा कुठे तोंडातून तो प्रश्न सरळ निघतो. माझ्या मैत्रिणीला ज्या बाईंनी तो विचारला त्या कोणाच्या तरी हाताखाली ते शिकल्या असणार. पण ते ट्रेनिंग किती तासांचं, कोणी द्यायचं, पहिले काही कॉल शेजारी सिनिअर बसल्याशिवाय घ्यायचे नाहीत असा नियम आहे का, भारतात हे सगळं ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर. काही संस्था फार मन लावून करतात. काही दोन दिवसांचं वर्कशॉप घेऊन हेडफोन हातात देतात.

त्याच अभ्यासातून हेही दिसलं की ज्या कॉलमध्ये आपुलकी आणि आदर होता, आणि समोरच्याबरोबर मिळून अडचणीवर काही मार्ग काढायचा प्रयत्न होता, ते कॉल जास्त चांगल्या ठिकाणी जाऊन संपले. म्हणजे चांगला कॉल कशाला म्हणायचं हे गूढ नाहीये, ते शिकवता येतं आणि तपासताही येतं.

पण तपासणी म्हटलं की अजून एक धोका येतो आणि तो मला खराखुरा वाटतो. सरकारी तपासणी म्हणजे फॉर्म, फॉर्म म्हणजे आकडे, आणि आकडा जो सगळ्यात सोपा मिळतो तोच मागितला जातो. कॉलची सरासरी लांबी. एका शिफ्टमध्ये घेतलेले कॉल. ओळखीतली एक काउन्सेलर आहे, तिने एका ठिकाणी काम केलं तिथे स्क्रीनवर कॉलचा टायमर चालू असायचा आणि ठरावीक मिनिटं झाली की त्याचा रंग बदलायचा. ती म्हणाली, अगं कोणी तरी पंधरा मिनिटं नुसतं इकडचं तिकडचं बोलत असतं आणि सोळाव्या मिनिटाला खरं सांगतं, आणि तेव्हाच समोर लाल होतं. ब्लँक कॉलचंही तसंच, कॉल येतो, पलीकडून श्वास ऐकू येतो, एक शब्द नाही, दोन मिनिटांनी कट. फॉर्मवर तो वाया गेलेला कॉल. लाइनवर बसणारे सांगतात की तोच माणूस कधी कधी तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतो, हिंमत गोळा करत असतो. अशी लाइन जर कॉल सेंटरच्या मापाने मोजली तर लोक कॉल लवकर संपवायला शिकतील, नियम पाळले जातील आणि माणूस तसाच राहील. त्यामुळे उचलायला किती वेळ लागला हे जरूर मोजा, आणि कॉल किती वेळ चालला याचं टार्गेट ठेवायला कायद्यानेच बंदी घाला. ही दुसरी अट, आणि यावर मी भांडायला तयार आहे.

"सरकार आलं की व्हॉलंटियर पळतील" असं संस्थांमधले लोक म्हणतात. त्यांचं ऐकायला हवं, कारण हे काम उभंच मुळात साध्या माणसांनी केलंय. १९५३ मध्ये लंडनमध्ये चाड व्हारा नावाच्या पाद्रींनी अशा लोकांसाठी फोन सुरू केला तेव्हा स्वतः सगळ्यांशी बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. लोक भेटायलाही यायला लागले, वाट बघत बसायचे, आणि मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा-कॉफी द्यायची, त्यांच्याशी बोलत बसायची. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच जणांना बाहेरच मोकळं वाटतं, आत यायची गरजच उरत नाही. मग १९५४च्या सुरुवातीलाच त्यांनी ऐकायचं काम त्या व्हॉलंटियर्सच्या हातात दिलं. समॅरिटन्स ही संस्था अशी घडली. तेव्हा उद्या एखाद्या अधिकाऱ्याने बसून नियम काढला की मानसशास्त्राची मास्टर्स डिग्री असेल त्यानेच फोन घ्यायचा, तर निम्म्या लाइन्स बंद पडतील आणि उरलेल्यांवर रिंग वाजत राहील, म्हणजे ज्याच्यासाठी नियम केला तोच मरणार. माझी मागणी डिग्रीची नाहीच. किमान ट्रेनिंग, शिफ्टवर हजर असलेला सुपरवायझर, आणि वाईट कॉलनंतर व्हॉलंटियरशी बोलायला कोणी तरी. हे शेवटचं कोणीच मोजत नाही. समोरचा बोलता बोलता गप्प झाला आणि लाइन कट झाली तर ती मुलगी घरी जाऊन काय करते, झोपते का? घाणेरडं बोलण्यासाठीच फोन करणारे पुरुष असतात, ते रोजचं. व्हॉलंटियर पळतात ते या सगळ्यात एकटं पडल्यामुळे. आणि छोट्या संस्थेला हे परवडत नसेल तर सरकारने पैसे द्यावेत, नुसती नोटीस देऊ नये.

आता फोन करणाऱ्यावरची नजर. इथे मला सरकारची भीती वाटते हे आधीच सांगते, आणि ती उगाच नाहीये. भारतात कित्येक वर्षं ३०९ कलम होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, दवाखान्यातल्या माणसाच्या उशाशी पोलीस जबाब घ्यायला. मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर ते सरसकट कलम उरलं नाही, पण लोकांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. नाव सांगू का, नंबर दिसतो का, घरी पोलीस येतील का, हे प्रश्न फोन लावायच्या आधी येतात आणि बरेच जण तिथेच थांबतात.

आणि खाजगी संस्था तरी किती जपतात? अमेरिकेतली क्रायसिस टेक्स्ट लाइन, मेसेजवर मदत करणारी, खूप मोठी आणि खूप चांगलं काम केलेली संस्था. जानेवारी २०२२ मध्ये बातमी आली की लोकांच्या संभाषणांचा नावं काढलेला डेटा त्यांनी स्वतःच काढलेल्या एका कंपनीला दिला होता आणि ती कंपनी कस्टमर सर्व्हिसचं सॉफ्टवेअर बनवत होती. बोंब झाली तेव्हा काही दिवसांतच ते थांबवलं. नियम मोडला नाही असं त्यांचं म्हणणं होतं, परवानगी अटी-शर्तींमध्ये लिहिलेली होती. त्या रात्री तो मेसेज करणाऱ्याने अटी वाचल्या असतील? २०२३ मध्ये पत्रकारांनी तपासलं तेव्हा ९८८शी जोडलेल्या कितीतरी सेंटर्सच्या वेबसाइट्सवर फेसबुकचा ट्रॅकर निघाला, तुम्ही तिथे आलात, फोनचं बटण दाबलंत, ही माहिती तिकडे. बहुतेकांना ते कोड आपल्या साइटवर काय करतंय हे समजलंही नसेल, वेबसाइट बनवणाऱ्याने टाकलं आणि राहिलं. पण म्हणूनच तर बाहेरचा तपासणारा हवा ना. गोपनीय आहे असं पाटीवर लिहिणं आणि खरंच गोपनीय असणं यात जी जागा आहे ती बघायला फोन करणारा माणूस जाऊ शकत नाही, त्याची तेव्हा ती अवस्था नसते.

पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स पाठवायची का, हा यातला सगळ्यात नाजूक प्रश्न. ९८८वाले सांगतात की २ टक्क्यांपेक्षा कमी कॉलमध्ये तशी वेळ येते. आकडा छोटा आहे पण ज्याच्या दारात न विचारता गाडी आली तो पुन्हा आयुष्यात फोन करेल का सांगता येत नाही. तिथेच ट्रान्स लाइफलाइन नावाची एक संस्था आहे, ती फोन करणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणालाच पाठवत नाही, हे त्यांनी उघड जाहीर केलंय. माझं स्वतःचं मत पक्कं नाहीये, खरंच नाहीये. जीव जात असताना कोणी गाडी पाठवली नाही तर ते मला सहन होणार नाही, आणि न विचारता पाठवली म्हणून दहा जणांनी फोन करणं सोडलं तर तेही नाही. पण एवढं तरी नक्की करता येईल की लाइनने आपला नियम आधी सांगावा. आम्ही रेकॉर्ड करतो की नाही, तुमचा नंबर आम्हाला दिसतो की नाही, कुठल्या वेळी आम्ही कोणाला पाठवू, दोन वाक्यांत, सुरुवातीलाच. माणसाला ठरवू दे. हे लपवून ठेवायची परवानगी कुठल्याच लाइनला नको.

देखरेख आणि खाजगीपणा एकत्र नांदू शकत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांना मी एक उदाहरण देते. ९८८चे कॉल आधी मोबाइल नंबरच्या एरिया कोडवरून वळवले जायचे, म्हणजे नंबर एका राज्यातला आणि माणूस राहतो दुसऱ्या राज्यात तर फोन भलतीकडेच लागायचा, आणि पलीकडच्याला तिथल्या जवळच्या दवाखान्याचं नावही माहीत नसायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या टेलिकॉम नियामकाने कंपन्यांना सांगितलं की माणूस साधारण कुठे आहे त्यावरून कॉल वळवा, पण नेमकी जागा कळता कामा नये. नियम कडक, बंधन कंपनीवर, आणि फोन करणारा झाकलेलाच. असं करता येतं. १ डिसेंबर २०२२ला ९८८ची फोन सेवा जवळपास दिवसभर बंद होती, पुरवठादार कंपनीवर सायबर हल्ला झाला होता म्हणून. त्यानंतर २०२३ मध्ये त्याच नियामकाने नियम केला की ९८८ बंद पडलं तर कंपन्यांनी ते कळवलंच पाहिजे. त्याआधी असं बंधन नव्हतं, पोलीस-ॲम्ब्युलन्सच्या ९११ नंबरसाठी होतं आणि यासाठी नव्हतं. यावरून कळतं आपण या फोनला किती महत्त्व देतो.

आता कोणी म्हणेल सरकारच्या हातात एवढं दिलं तर उद्या सरकार बदललं की काय? बरोबर आहे. ९८८वर एलजीबीटीक्यू तरुण मुलांसाठी ३ नंबर दाबला की खास ट्रेनिंग घेतलेली माणसं मिळायची, ती सोय १७ जुलै २०२५ला सरकारने बंद केली, महिनाभर आधी सांगून. ज्या मुलांसाठी ती होती त्यांनाच धोका जास्त, म्हणून तर ती सुरू केली होती. हे वाचून मला राग आला आणि थोडा वेळ माझंच म्हणणं चुकीचं वाटायला लागलं, की नकोच सरकार. पण नीट बघितलं तर तिथे देखरेखीने काही बंद पडलं नाही, पैसे देणाऱ्याने पैसे थांबवले. पैसे देणारा, लाइन चालवणारा आणि तपासणारा हे तिघे एकच असले की हेच होणार. तपासणाऱ्याचा अहवाल विधानसभेत, संसदेत, सगळ्यांसमोर यायला हवा आणि त्यात हेही लिहिलेलं हवं की अमुक सोय काढल्यावर त्या लोकांचे किती कॉल यायचे थांबले. सरकारने तरीही काढलीच तर निदान अंधारात काढता येणार नाही.

कॉल संपल्यावरचंही थोडं. बहुतेक लाइन्सवर फोन ठेवला की विषय संपला. २०१८च्या एका अभ्यासात, ज्यांना सेंटरने नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस केली होती त्यांना विचारलं, तर सुमारे ८० टक्के जण म्हणाले की त्या फोनमुळे आपण जीव दिला नाही. दुसऱ्या दिवशीचा एक फोन, अर्थात आधी परवानगी घेऊन. याला वेगळं ॲप लागत नाही, चॅटबॉट तर नकोच. २०२३ मध्ये खाण्याच्या विकारांसाठीच्या एका अमेरिकन संस्थेने माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि लोकांना चॅटबॉटकडे पाठवायला लागली, तर तो वजन कमी कसं करायचं ते सांगायला लागला, ज्यांचा आजारच तो आहे त्यांना. माणूस लागतो, दुसऱ्या दिवशीही. त्यासाठी पैसे लागतात, आणि देखरेखीच्या यादीत हे असलं तरच बजेटमध्ये येतं.

माझी ती आठ नंबरांची यादी मी सगळीकडून काढून टाकली, जिथून काढता आली तिथून. आता पाच नंबर आहेत, त्यात १४४१६ आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मी ते लावून बघते. दुपारी, कामाच्या दिवशी, कोणी उचललं की लगेच सांगते की मी ठीक आहे, नंबर चालू आहे का एवढंच बघायचं होतं, आणि ठेवते, म्हणजे लाइन अडकायला नको. कोणी रागावत नाही. रात्रीचं मात्र मला तपासता येत नाही. रात्री अडीचला नुसतं बघायला म्हणून फोन लावायची माझी हिंमत होत नाही, तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा लागायचा राहिला तर. आणि मैत्रिणीला तो तिसरा नंबर चार वेळा लावूनही लागला नव्हता, तो रात्रीच.